चेन नसलेली गाडी

आंब्याची साठं ठेवायच्या डब्यातून
द्वारकाआतेने फोटो काढले आणि म्हणाली,
तू गाड्यांमधला, बघ हे.
कुडाळात हायवेला माझं गॅरेज.
हात कितीही धुतले तरी नखांत ऑइल राहतंच,
म्हणून कडांना धरून एकेक फोटो
खळ्यात उजेडाला नेला.

पहिल्यात भिकाजीकाका, केसांना खोबरेल,
एक पाय फूटरेस्टवर,
आगबोटीवर नोकरी लागली त्या सालचा.
मग तातू, लग्नाच्या कोटात.
मग गुणाजी आणि त्याचा मेव्हणा एकाच सीटवर,
मेव्हण्याच्या मांडीवर कुणाचंतरी पोर, रडून झालेलं.

आमच्यात सगळे सांगायचे,
आपल्याकडे पूर्वी गाड्या होत्या.
गाड्या. अनेकवचनात.
गणपतीला पाहुणे आले की आरतीनंतर हे निघायचंच,
आणि बाबा, ज्यांनी जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं,
तेही मान हलवायचे
जणू चावी अजून खिशात आहे.

मी माणसं नंतर बघतो. धंद्याची सवय.
टाकीला डाव्या अंगाला रातांब्याएवढा पोचा,
भिकाजीकाकाच्या गाडीला.
तातूच्याही.
नंबरप्लेटचे शेवटचे आकडे एकोणचाळीस,
आणि फोटोंच्या पाठीवरच्या सालांत सतरा वर्षांचं अंतर.
मग नजर खाली गेली.
प्लगला वायर नाही.
मागच्या चाकाला चेन नाही.
स्टँडखाली चिरा लावलेला, पुढचा टायर असा बसलेला
की त्यात वारा कधी नव्हताच.

आते, म्हटलं, ही चालत नव्हती गो.
तिचे दात गेलेत, हसू तेवढं शाबूत.
चलतली कशी? ती बस्त्याव फोटोवाल्याची.

बंदराच्या वाटेवर त्याचा स्टुडिओ होता म्हणे.
कस्टमचा कोणी साहेब तेरेखोलच्या तरीवर
गाडीसकट खाडीत गेला. साहेब वर आला,
गाडीही आली दोन दिवसांनी,
खारं पाणी इंजिनातच राहिलं.
बस्त्यावने ती तीस रुपयांना घेतली,
मागच्या पडद्यावर बर्फाचे डोंगर रंगवले,
डोंगरात एक नारळ,
कारण त्याशिवाय त्याचा हात थांबेना.
खुर्चीवर बसून फोटो एक रुपया,
गाडीवर बसून चार आणे जास्त.

आणि तुझा?
तिने डब्याच्या तळाशी हात घातला.

परकर-पोलक्यातली चौदा वर्षांची मुलगी,
कडेला बसलेली नाही, पुढे, टाकीला गुडघे लावून,
दोन्ही मुठी हँडलवर आवळलेल्या.
डोळे लख्ख. कपाळ लख्ख. कुंकवाचा ठिपकासुद्धा.
फक्त ओठ पुसून गेल्यासारखे,
तिथे एक करडी धूसर रेघ.

बस्त्याव बोंबललो, आते म्हणाली,
मुकाट रव, हललंस तर फोटोत भूत येतला.
मगे तू गप रवलंस नाय?
कशी रवू? गाडीक इंजिनच नाय.
आवाज कोण करतला?

मी फोटो कानाशी वगैरे नेला नाही,
असले प्रकार माझ्याने होत नाहीत.
पण पंचवीस वर्षांत किती इंजिनं ऐकली,
डोळे मिटून सांगतो कुठला व्हॉल्व्ह वाजतो,
आणि ह्या एकाचं काही सांगता येईना.
चहा झाला. तिने डबा बंद केला,
झाकण नीट बसेना म्हणून वरून गुडघा दिला.
भायेर बोला नको, म्हणाली. चवथीक लोक येतत.

दुसऱ्या दिवशी शिरोड्याचा एक पोरगा
रिक्षाटेम्पोतून बाईक घेऊन आला,
रील काढायला लाटेत घातलेली,
सायलेन्सरमधून अजून वाळू गळत होती.
काका, होईल ना चालू?
मी पान्हा उचलला, परत ठेवला.
म्हटलं, आधी बस तर वर.